नाव रजिस्टरवर चढेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी १९ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. आई बचत गटात, धाकटा भाऊ दहावीत. बारावी सायन्सला तिला ५८ टक्के मिळाले, पण नर्सिंगची सीईटी असते हेच घरात कोणाला वेळेत कळलं नाही. मग तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळच्या कॉम्प्लेक्समध्ये, मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर ‘जनरल नर्सिंग डिप्लोमा, दोन वर्षे, शासनमान्य, शंभर टक्के नोकरी’ असा बोर्ड पाहून तिने प्रवेश घेतला. फी वर्षाला ४५,००० रुपये. पहिलं वर्ष संपलं. गेल्या महिन्यात ती आजीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेली होती. तिथल्या सिस्टरने सहज विचारलं, “तुझं रजिस्ट्रेशन कोणत्या कौन्सिलला होणार?” तिला उत्तर देता आलं नाही. संस्थेच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, “आपलं दिल्लीचं बोर्ड आहे, भारतभर चालतं.” दुसऱ्या वर्षाची फी पोळ्याच्या आधी भरायची आहे. बारावीची मार्कशीट आणि टीसी संस्थेकडे जमा आहे. बाबा म्हणतात, हाती घेतलेलं अर्धवट सोडू नये. नागपूरचा मावसभाऊ म्हणतो, हे सोड, मध्य प्रदेशात ओळखीने बी.एस्सी. नर्सिंगला सीट मिळते, फक्त परीक्षेला जायचं. मैत्रीण म्हणते, नॅकची ‘ए’ ग्रेड असलेलं कॉलेज बघ म्हणजे फसवणूक होत नाही. हिने काय करावं?

मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की तू प्रश्न तीन विचारलेस, पण झोप उडवणारा चौथाच आहे आणि तो शेवटच्या ओळीत कंसात टाकला आहेस: ‘गॅप पडला तर घरी माझ्या लग्नाचं काढतील.’ त्यावर मी बोलणार आहे. आधी कागदांचं बघू. कागद स्पष्ट झाले की घरच्यांशी काय बोलायचं तेही सुचेल.

त्या सिस्टरने तुला विचारलं तोच सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न. मी एकोणतीस वर्षं नर्सिंग शिकवलं आणि नव्या तुकडीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आले: परीक्षा पास झालात, सर्टिफिकेट हातात आलं, तरी तुम्ही अजून नर्स नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या, म्हणजे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या, रजिस्टरवर नाव चढलं, नंबर मिळाला, की नर्स. हे रजिस्टर १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याप्रमाणे ठेवलं जातं आणि ती नोंदणी पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून जिवंत ठेवावी लागते. माझ्या नोंदणीचा पहिला कागद अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय, फोटोतली मुलगी मीच आहे हे आता सांगावं लागतं, पण तो नंबर मला अजून पाठ आहे. नोकरीच्या पहिल्या अर्जापासून निवृत्तीपर्यंत जिथे जिथे सही केली, तिथे तो नंबर लिहिला.

म्हणून कॉलेजपासून सुरुवात न करता नोकरीपासून मागे मागे ये. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविका भरतीची जुनी जाहिरात काढ. नागपूरच्या एम्ससकट सगळ्या एम्ससाठी नर्सिंग ऑफिसरची एकत्र परीक्षा होते, तिची जाहिरात काढ. दोन्हीत शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात कोर्सच्या नावाबरोबर परिषदेकडची नोंदणी मागितलेली दिसेल. मग विचार: ही नोंदणी कोणाची होते? ज्याने परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत, ठरलेल्या मुदतीचा कोर्स केला आणि ठरलेल्या मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा दिली त्याची. आता तुझ्या संस्थेकडे बघ. वाट जुळते का?

सर म्हणतात शासनमान्य. हा शब्द फार फसवा आहे, कारण त्यात ‘कोणी, कशासाठी मान्य केलं’ हे गाळलेलं असतं. अशा संस्थांच्या ऑफिसात मी बसलेली आहे. सरांच्या खुर्चीमागे भिंतीवर चार-पाच फ्रेमा असतात आणि पालक त्यांच्याकडे बघूनच निम्मे गार होतात. एकीत सोसायटी नोंदणी कायदा १८६० खालचं प्रमाणपत्र असतं. त्याचा अर्थ, सात माणसांनी मिळून संस्था काढली. दुसरीत आयएसओ ९००१. ते बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं, कामाची पद्धत लिहून काढली आणि पाळली की झालं. तिसरी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची. चौथी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची, जिथे स्वयंसेवी संस्था आपली नावं नोंदवतात. हे सगळे कागद अगदी खरे असू शकतात. पण त्यांच्यातला एकही नर्सिंग शिकवायचा अधिकार देत नाही. फ्रेमवर अशोकस्तंभ दिसला म्हणून हात जोडू नकोस, त्याखालची ओळ वाच.

‘दिल्लीचं बोर्ड’ हाही तसाच प्रकार. नर्सिंगसाठी दिल्लीत कायद्याने उभी असलेली संस्था म्हणजे भारतीय परिचर्या परिषद, १९४७ च्या कायद्याची. अभ्यासक्रम आणि कॉलेजांचे निकष ती ठरवते. नोंदणी मात्र राज्याच्या परिषदेत होते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला आहे, त्यामुळे पुढे वरच्या पाट्या बदलतील, पण राज्याचं रजिस्टर राहणारच. या नावांच्या आसपासची, ‘ऑल इंडिया’, ‘नॅशनल’, ‘कौन्सिल’ असे शब्द जुळवून ठेवलेली नावं मात्र पुष्कळ आहेत, आणि ती ऐकून शिकलेली माणसंही गोंधळतात. तुझे बाबा गोंधळले तर त्यांचा दोष नाही.

आणि पोरी, तुझ्या बोर्डावरच एक गोष्ट लिहिलेली आहे, जी नर्सिंगमधल्या कोणालाही पटकन खटकेल. ‘जनरल नर्सिंग, दोन वर्षे.’ मान्य अभ्यासक्रमांत एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. दोन वर्षांत जीएनएम होत नाही.

तरीही मी तुझे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून निकाल देणार नाही. कदाचित संस्थेचा एएनएमचा कोर्स मान्य असेल आणि बोर्ड रंगवणाऱ्याने घोळ केला असेल. शोधून काढायला तुला एक आठवडा पुरेल. परीक्षा कोण घेतं ते विचार. महाराष्ट्रात एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी. नर्सिंगची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पहिल्या वर्षाची परीक्षा तू दिलीस ना? हॉल तिकिटावर कोणाचं नाव होतं? परीक्षा वर्गातच झाली, हॉल तिकीटच नव्हतं, असं असेल तर तुझं उत्तर तुला तिथेच मिळालं. दुसरं, प्रात्यक्षिक कुठल्या दवाखान्यात होतं? नर्सिंग कॉलेजाला खाटांची अट असते, विद्यार्थ्यांमागे रुग्ण किती हवेत याचंही प्रमाण ठरलेलं असतं. बाहुलीवर इंजेक्शन टोचून आणि एकमेकींचं बीपी मोजून वर्ष गेलं असेल तर ते नर्सिंगचं वर्ष नव्हे. तिसरं, परिषदेच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी असते. गावातल्या महा ई-सेवा केंद्रात बसून ती काढ. जिल्हा, संस्थेचं पूर्ण नाव, कोर्सचं नाव, जागा आणि वर्ष, सगळं ताडून बघ. नुसतं नाव सापडलं म्हणून खूश होऊ नकोस. एकाच ट्रस्टच्या एका कोर्सला मान्यता असते आणि दुसरा तसाच चालू असतो. शेवटी परिषदेला आणि मंडळाला साधं पत्र लिही: ‘अमुक संस्थेच्या अमुक कोर्सला माझ्या प्रवेशाच्या वर्षी मान्यता होती का, आणि तो पूर्ण केल्यावर माझी नोंदणी होईल का?’ पत्र स्पीड पोस्टाने टाक. फोन करणार असशील तर नंबर वेबसाइटवरचा घे, माहितीपत्रकातला नको.

समजा उत्तर ‘नाही’ आलं. मग पूर्ण करायचं की सोडायचं?

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. हाती घेतलेलं तडीस न्यावं हे शेतकरी माणसाला सांगावं लागत नाही, तो तसाच जगतो. पण तोच माणूस बियाणं उगवलं नाही तर काय करतो ते तू दरवर्षी बघत आलीस. पिकाच्या मेलेल्या ओळीला कोणी पाणी देत बसत नाही. जीव जळतो, पैसे पुन्हा उसने आणावे लागतात, पण दुबार पेरणी करतो, आणि वाफसा आहे तोवरच करतो. पहिल्या पेरणीचे पैसे गेलेले असतात, ते दुसरी पेरणी टाळल्याने परत येत नाहीत. तुझे ४५,००० तसे आहेत. उरलेले ४५,००० अजून तुमच्या हातात आहेत, आणि तुझं एक वर्षही.

बाबांशी बोलताना हेच बोल. ते कृषी केंद्रात गेले की काय करतात? पिशवीवरचा लॉट नंबर बघतात, पक्की पावती मागतात, पिशवी आणि मूठभर बियाणं पंचनाम्यासाठी जपून ठेवतात. बोगस बियाण्याने हात पोळलेल्या या भागात हे शहाणपण घराघरात आहे. लेकीच्या कोर्सचा लॉट नंबर म्हणजे परिषदेची मान्यता, एवढंच त्यांना सांग. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळेल.

कोणी म्हणेल, खासगी दवाखान्यात घेतात की, त्यांना कुठे रजिस्ट्रेशन लागतं. घेतात, खरं आहे. माझ्या ओळखीची एक बाई आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात तिने नऊ वर्षं काम केलं. तान्ह्या बाळाची शीर तिला अंधारातही सापडते, डॉक्टर स्वतः तिला हाक मारायचे. पण नोंदणी नव्हती, म्हणून पगार आयाबाईपेक्षा थोडाच जास्त, पीएफ नाही, आणि सरकारी भरतीचा एकही अर्ज ती भरू शकली नाही. तिच्या मागून आलेल्या, तिनेच शिकवलेल्या पोरी नोंदणीच्या जोरावर पुढे गेल्या. एकदा एक रुग्ण दगावला, नातेवाईक संतापले, पोलीस आले, तेव्हा सगळ्यात आधी विचारलं गेलं, ‘ड्युटीवर कोण होतं आणि तिची नोंदणी कुठे आहे?’ चूक तिची नव्हती, पण ती रात्र ती अजून विसरलेली नाही. तिच्यासारखं कसब वाया जाताना पाहून मला आजही वाईट वाटतं. तुझं तसं होऊ नये म्हणून एवढं खोलात लिहिते आहे.

आता मावसभाऊ. त्याचा हेतू चांगला असेल, पण ‘फक्त परीक्षेला जायचं’ हे शब्द ऐकले की तिथून उठायचं. दूरस्थ पद्धतीने शिकून नर्स होता येत नाही, देशात कुठेही नाही. हजेरी आणि वॉर्डातले तास हाच अभ्यासक्रम आहे. मध्य प्रदेशाचं तर ताजं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. तिथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली. पहिल्या अहवालात १६९ योग्य ठरली, ६५ अयोग्य, उरलेल्यांत त्रुटी. पुढे मे २०२४ मध्ये तपास पथकातल्याच अधिकाऱ्याला लाचेच्या प्रकरणात अटक झाली आणि जी ‘योग्य’ ठरली होती त्यांचीही पुन्हा तपासणी करायची वेळ आली. त्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि निकाल रखडले, तो वेळ त्यांना कोण परत देणार? याचा अर्थ छिंदवाडा-बालाघाटकडचं प्रत्येक कॉलेज वाईट असा नाही. त्या राज्याच्या परिषदेची त्या वर्षाची मान्यता असेल, रोज जाऊन शिकायचं असेल, तर शिकता येतं. मग आधी तिथे नोंदणी आणि नंतर ती महाराष्ट्राच्या परिषदेत आणायची, असा एक जादा टप्पा येतो. पण दलाल मध्ये असलेली सीट घेऊ नकोस. प्रवेशासाठी दलाल लागतो तिथे गुणवत्ता यादी नसते.

मैत्रिणीचं नॅकचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि या अर्ध्यामुळे पुष्कळ मुलं चुकतात. नॅक ही यूजीसीची स्वायत्त संस्था, १९९४ ची, बंगळुरूला. कॉलेज कसं शिकवतं, प्राध्यापक किती, ग्रंथालय-प्रयोगशाळा कशी, कारभार कसा, हे बघून ती सगळ्या संस्थेला मिळून एक ग्रेड देते. साधारणपणे ती पाच वर्षं चालते. म्हणून ग्रेड बघायची तर तिची तारीखही बघायची. दारावर ‘ए’ लिहिलेलं असतं आणि मुदत केव्हाच संपलेली असते. इंजिनीअरिंगमध्ये एकेका शाखेचं मूल्यांकन वेगळी संस्था करते, ती एनबीए. तुझ्या चुलतभावाला बी.ए. किंवा बी.कॉम. करायचं असेल तर नॅक त्याच्या कामाचं. पण नर्सचा परवाना नॅक देत नाही. उत्तम ग्रेडचं कॉलेज असलं आणि त्याच्या नर्सिंगला परिषदेची मान्यता नसली तर तुझं नाव रजिस्टरवर चढणार नाही. उलट, एखाद्या जिल्हा रुग्णालयातली साधी, रंग उडालेली नर्सिंग शाळा, जिचं नाव नॅकच्या यादीत नाही, तिथून निघालेल्या मुली सरळ नोकरीला लागतात. आधी रजिस्टर, मग ग्रेड. दोन मान्य कॉलेजांतून एक निवडायचं असेल तेव्हा ग्रेड उपयोगी पडते.

मग तुझ्यापुढे खऱ्या वाटा कोणत्या? बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला या विषयांत ४५ टक्के, राखीव गटाला ४०. एकूण ५८ टक्के असलेल्या तुला हे बहुधा जमेल, मार्कशीटवर फक्त हे विषय मोजून बघ. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी हवं आणि ४० टक्के. एएनएमही बारावीनंतर. घरात ‘बी.एस्सी. नाही तर काहीच नाही’ असं वातावरण असेल तर तेही सोडून दे. जीएनएम केलेल्या मुलीला नोकरी करून पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. माझ्या हाताखालून अशा कितीतरी गेल्या, आणि वॉर्डात थेट बी.एस्सी.वाल्यांपेक्षा त्यांचा हात जास्त बसलेला असायचा. नागपूरचं शासकीय परिचर्या महाविद्यालय, सेवाग्रामची कस्तुरबा, अशी जुनी ठिकाणं आपल्या विदर्भातच आहेत. फॉर्म भरताना त्यांची नावं वर टाक, मिळो न मिळो.

पैशांचं सांगते, कारण तू ४५,००० ‘परवडणारे’ म्हणून लिहिलेस. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. एससी, एसटी मुलींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहेच. अट एक, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, मान्य संस्थेत हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही आणि तुझ्या आताच्या संस्थेला तर प्रश्नच नाही. म्हणजे तुम्ही स्वस्त समजून जे घेतलं ते कदाचित सगळ्यात महाग ठरलं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं आतापासून सेतूत टाकून ठेव. हंगाम सुरू झाला की तिथे रांग लागते आणि एका दाखल्यापायी जागा जाते. असं झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या मुलामुलींसाठी थोडं. रजिस्टरचा हिशेब सगळीकडे सारखा आहे. डी.फार्म. करणाऱ्याने फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची आपल्या प्रवेशाच्या वर्षाची मंजुरी बघावी, कारण त्याशिवाय राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नाव लागत नाही आणि मेडिकल काढता येत नाही. शिवाय २०२२ च्या नियमांनी डी.फार्म.नंतर एक्झिट परीक्षा आणली आहे, तिची स्थिती विचारून ठेवावी. वकिलीला एलएल.बी.नंतर सनद आणि बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा. मास्तर व्हायचं तर कॉलेजला एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची मान्यता आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. लॅब टेक्निशियनच्या कोर्सेसचं पेव तर आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात फुटलं आहे. तिथे महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का, हा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावं. ‘रुग्ण सहायक’ सारखे थोड्या महिन्यांचे कौशल्य विकासाचे कोर्सही असतात. ते प्रामाणिकपणे त्याच नावाने विकले जात असतील तर त्यात वाईट काही नाही. फक्त त्याने नर्स होत नाही.

तुझी मार्कशीट आणि टीसी अडवून ठेवली म्हणून तू तिथे अडकून राहू नकोस. आधी लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे, सही-शिक्का-तारखेसह. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव. तरीही दिली नाही तर बारावीची गुणपत्रिका डिजीलॉकरमध्ये मिळते, आणि दुय्यम प्रत अमरावतीच्या विभागीय मंडळाकडून काढता येते. टीसीची दुसरी प्रत तुझ्या ज्युनिअर कॉलेजात मिळेल, प्रतिज्ञापत्र लागेल. मूळ कागदांची भीती घालूनच अशा संस्था मुलींना दुसऱ्या वर्षात बसवतात.

फीच्या पावत्या, बोर्डाचा फोटो, माहितीपत्रक, ‘शंभर टक्के नोकरी’चे व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं जपून ठेव. खोटी मान्यता सांगून प्रवेश देणं ही ग्राहकाची फसवणूक ठरू शकते. बिहारमधल्या एका दंत महाविद्यालयाने मान्यता नसताना विद्यार्थी घेतले होते. त्या विद्यार्थ्यांच्या बाजूने, फी परत आणि वर भरपाई, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारात ते असतं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पैसे लगेच येतील असं मी म्हणत नाही, वेळ लागेल. पण नोटीस गेल्यावर मूळ कागद झटकन परत देणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत.

आता कंसातला प्रश्न. तुला वाटतं, गॅप पडला की घरचे लग्नाचं काढतील, म्हणून निदान दुसऱ्या वर्षाच्या आडोशाने वर्षभर सुटका होईल. मला तुझी भीती कळते. पण त्या वर्षाच्या शेवटी काय? तू २० ची, ९०,००० गेलेले, हातात नोंदणी न देणारा कागद, आणि तेव्हा लग्नाचा विषय आणखी जोरात. बाबांना नुसतं ‘मी हे सोडते’ असं सांगू नकोस. एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव: सीईटीचा फॉर्म कधी निघतो, अभ्यास कोणत्या वेळी करणार, कोणती कॉलेजं, फी किती लागेल आणि सवलतीनंतर किती, आणि सीईटीत नाही जमलं तर जीएनएम. तारखा असलेल्या कागदाला आपल्याकडचे बाप मान देतात. पीककर्जाचं वेळापत्रक सांभाळणारी माणसं आहेत ती. जमलं तर त्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला एकदा घरी चहाला बोलव. तू तासभर समजावून जे होणार नाही ते तिच्या दहा मिनिटांत होईल. आईला आधी विश्वासात घे. बचत गटात चार हिशेब तिने पाहिलेत, आकडे तिला कळतात.

आणि एक. वर्गात तुझ्यासोबत बत्तीस मुली आहेत असं तू लिहिलंस, बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतल्या. परिषदेला जाणारं पत्र एकटीने पाठवू नकोस. पाच-सहा जणींना घरी बोलाव, सगळ्यांच्या पावत्या एकत्र काढा, पत्राखाली सगळ्यांनी सह्या करा. ग्राहक आयोगातही सारखीच तक्रार असलेल्यांना एकत्र येता येतं. काही जणी घाबरतील, सरांच्या कानावर जाईल म्हणून मागे सरतील. त्यांच्यावर रागावू नकोस. परिषदेचं उत्तर आलं की त्याची झेरॉक्स त्यांच्याही घरी पोचव, पोळ्याच्या आधी.